एक्केचाळीस नंबरचं उत्तर

माझ्या मेलेल्या बायकोचं बोलणं भिंतीवर लावलं होतं आणि माणसं हसत होती.

नाशिकच्या एका कॉलेजातला हॉल. गार हवेची मशीन चालू. भिंतीवर उजेडाची मोठी अक्षरं. मी दुसरीपर्यंत शिकलोय, मला वाचायला वेळ लागतो. ओठ हलवत वाचलं. उत्तरदाती क्रमांक एक्केचाळीस. फूलशेती. प्रश्न, मत कोणाला द्यायचं हे घरात कोण ठरवतं? उत्तर, मला काय कळतंय त्यातलं, हेच ठरवतात.

त्याच्या खाली अभ्यास करणाऱ्या मॅडमनं आपलं लिहिलेलं. निर्णयक्षमतेचा अभाव. पूर्ण परावलंबन.

पहिल्या रांगेत बाहेरगावाहून आलेले परीक्षक साहेब होते. ते म्हणाले, "अशा बाईला मताचा अधिकार दिला काय नि नाही दिला काय, सारखंच की." सगळे हसले. मॅडमसुद्धा हसली. थोडीच, पण हसली. आमच्या ओट्यावर बसून माझ्या बायकोच्या हातची बाजरीची भाकरी खाल्लेली मॅडम.

तिची पीएचडी होती. आमच्यासारख्या घरातल्या बायका राजकारणाचं कसं ठरवतात, त्यांच्या मनात काय चालतं, असा विषय. त्या दिवशी तिची शेवटची तोंडी परीक्षा होती. ती कोणालाही बसून ऐकता येते म्हणे. तिचा आठ दिवस आधी फोन आला होता. "बाबा, मावशींना घेऊन या."

मी म्हणालो, "मावशी वारली. चार महिने झाले."

ती म्हणाली, "अरेरे. मग तुम्ही तरी या. तुमच्या भागातलं कोणी असलं तर बरं दिसतं."

मी बरं दिसायला गेलो नव्हतो. मॅडमनं हिचं बोलणं दोन तास मोबाइलमध्ये भरून घेतलं होतं. आमच्या घरात हिचा एक फोटो आहे, आधार कार्डावरचा मोठा करून आणलेला. आवाज कुठंच नाही. मला वाटलं, परीक्षेत तो लावतील. म्हणून धुतलेली टोपी घालून गेलो. हॉलच्या दारातच मॅडमला विचारलं. ती म्हणाली, "टाइप करून झालं की रेकॉर्डिंग काढून टाकावं लागतं बाबा. नियमच आहे तसा." मी शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. घरी यायला पाहिजे होतं. पाय उचलेनात.

आणि मग ते भिंतीवरचं.

हिला काय कळत होतं ते सांगतो. मखमलाबादच्या अंगाला आमचा मळा, झेंडू आणि शेवंती. फुलं कधी तोडायची ते ही ठरवायची. कोणाला द्यायची तेही. व्यापारी बांधावर यायचा, भाव सांगायचा. ही म्हणायची, "थांबा, मालकांना विचारते." पदर सावरून झोपडीच्या मागं जायची. थोडा वेळ उभी राहायची. परत येऊन सांगायची, "मालक नाय म्हणतात." मी कळवणला बहिणीकडं गेलेला असलो तरी मालक नाय म्हणायचे. मळ्यातल्या सगळ्या बायका असंच करतात. बाहेरच्या माणसापुढं शब्द नवऱ्याच्या नावावर टाकायचा. आमच्याकडं हे पोरीबाळींनापण ठाऊक. मॅडमला तीन वर्षं अभ्यास करून ठाऊक नव्हतं.

मताचं पण तसंच. मागच्या निवडणुकीत आम्ही पुरुषांनी देवळात बसून ठरवलं, आपल्या आळीची मतं अमक्याला. ते उमेदवार हात जोडत घरी आले. ही घमेलं खाली ठेवून म्हणाली, "भाऊ, वरच्या वावरात पाणी चढत नाय. आधी पाइप, मग मत." मागं सात-आठ बायका उभ्या होत्या. ते माझ्याकडं बघायला लागले. मी जमिनीकडं. मतदानाच्या दिवशी हिनं मत कोणाला दिलं, मी घरी विचारलं. म्हणाली, "तुमच्या पेटीत मी डोकावले का?"

तर ही बाई. एक्केचाळीस नंबर.

मी उभा राहिलो. "ती माझी बायको हाय. मला बोलायचंय."

मॅडमला शिकवणारे मोठे सर मागं वळले. चांगलं गोड बोलले. "आजोबा, इथं अभ्यासाचे प्रश्न असतात. जेवण मागच्या बाजूला ठेवलंय. घ्या आणि निवांत निघा."

साठ वर्षं मला असंच सांगितलंय लोकांनी. बँकेत, तलाठ्याकडं, दवाखान्यात. बाजूला व्हा, तिकडं बसा, निघा. मी होत आलो. हिच्या शेवटच्या दिवसांत डॉक्टर मला बाहेर थांबा म्हणाले, मी थांबलो, ती आत गेली. एकटी गेली.

मी म्हणालो, "मी जेवायला आलो नाय. खाली बसणार नाय."

मग व्यापाऱ्याचं सांगितलं. पाइपचं सांगितलं. परीक्षक साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे त्या खोटं बोलल्या?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. तुमची मॅडम चुकली, असं. पण डोळ्यांपुढं तो दिवस आला. ओट्यावर मॅडम, तिच्यापुढं ही, आणि खाटेवर मी. दोन तास. हलायचं मला सुचलं नाही. ती प्रत्येक प्रश्नाला आधी माझ्याकडं बघायची, मग बोलायची. मला ते बरं वाटत होतं. आता लिहितो ते खरं लिहितो, बरं वाटत होतं. मॅडम गेल्यावर ती भांडी आवरताना म्हणाली, "तुम्ही जरा मळ्यात गेला असता तर बोलले असते." मी हसलो. म्हणालो, "काय एवढं सांगणार होतीस?" ती परत त्यावर बोलली नाही. मरेपर्यंत नाही.

"नाय साहेब," मी म्हणालो. "मी समोर बसलो होतो."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. सर म्हणाले, "छान. नोंद घेऊ." अर्ध्या तासानं टाळ्या झाल्या, मॅडम डॉक्टर झाली, पेढे वाटले. मी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. सरांना म्हणालो, तिचं उत्तर पुस्तकातून काढा. सरांनी फाइल मागवली, एक कागद पुढं केला. "हे बघा, संमतीपत्र. सही तुमची आहे."

माझीच होती. वाकडी, मोठी. मला आठवलं. मॅडमनं कागद काढला तेव्हा हिनं हात पदराला पुसून पेन धरायला पुढं केला होता. हिला सही येत होती, माझ्यापेक्षा चांगली येत होती, चौथी शिकलेली होती. मॅडमनं कागद माझ्याकडं वळवला. "बाबांचीच घेऊ, म्हणजे घरात नंतर काही नको." मी केली. हिनं हात मागं घेतला. त्या हाताकडं मी बघितलं नव्हतं. चार महिने झाले ती जाऊन, आणि तो हात मला त्या ऑफिसात दिसला.

मॅडम तिथंच होती. तिचे डोळे भरले. ती मनापासून म्हणाली, "चुकलं बाबा. आपण दुरुस्त करू. मावशी खरं तर काय म्हणाल्या असत्या, ते तुम्ही सांगा. मी तळाशी टीप घालते."

सर म्हणाले, "उत्तम. असं करू."

दोघं पेन घेऊन माझ्या तोंडाकडं बघत बसले. मला वाटलं, सांगावं. हिचं नाव चांगलं होईल, लोक वाचतील. पण तिच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. पंचेचाळीस वर्षं एका घरात राहून माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

मी म्हणालो, "तिच्या जागी मी परत बोलणार नाय."

"मग काय लिहायचं?"

"लिहा, नवरा खाटेवर बसून होता. सही नवऱ्यानं केली. बाईला कोणी विचारलं नाय. माझं नाव घाला, लपवू नका. आणि तिच्या उत्तराची जागा कोरी सोडा."

सर म्हणाले, असं पान प्रबंधात चालत नाही. मी अर्ज लिहून दिलाय, माझ्या हातानं, दीड पान. नाही म्हणाले तर विद्यापीठात देईन. जागा कोरी होईपर्यंत देत राहीन.