पत्त्यांची माळ आणि तीन तबकड्या

वळसंगच्या शरणप्पानं वीस वर्षं चादरीच्या मागासाठी नक्षीचे पुठ्ठ्याचे पत्ते माळेत ओवले. पत्त्यांना भोकं, आणि त्या भोकांच्या हुकमावर माग मोर काढायचा. एकोणऐंशी साली गिरणीत एक जुनापाना कॉम्प्युटर आला, तवा यंत्राला हुकूम द्यायची सवय म्हणून साहेबांनी शरणप्पालाच पुढं केलं. कॉम्प्युटर आतून कोरा. ऑपरेटिंग सिस्टिम नावाची चालायची अक्कल त्यात तीन तबकड्यांतनं, म्हंजे फ्लॉप्यांतनं, भरायची होती.

"संध्याकाळच्या भोंग्याला चालला पायजे, न्हायतर उद्यापासनं घरी बस," साहेब म्हणाले.

शरणप्पानं पहिली तबकडी घातली. यंत्र लई वेळ कुरकुरलं आणि कागदावर एक ओळ छापून गप झालं. कारकून हिंदुरावानं ती वाचली, "पहिली काढा, दुसरी घाला."

शरणप्पा गोंधळला. मागावरचे पत्ते काढले की माग नक्षी इसरतो. मग ही काढल्यावर आतलं ऱ्हाईल कसं? दुपार कलली तरी त्यानं तबकडीला हात लावला न्हाय.

"आरं, यंत्रच काढ म्हणतंय की!"

"त्याचं काय ऐकता हिंदुराव? त्याला अजून अक्कल भरायचीय."

भोंगा व्हायची वेळ आली, तसं शरणप्पानं डोळे मिटून तबकडी उपसली. दुसरी घातली, मग तिसरी. तिसरीपण काढली, तरी कॉम्प्युटर चालला.

"उद्या वेळेवर ये," साहेब म्हणाले.

शरणप्पा तडक आपल्या मागाकडं गेला. पत्त्यांची माळ उतरवून त्यानं माग चालवला. चादरीवरचा अर्धा विणलेला मोर तिथंच तुटला.

"वीस वर्षं झाली," माळ परत चढवत तो मागाला म्हणाला, "एक मोर ध्यानात ठिवता येईना व्हय रं तुला?"