एकोणीस वावरांचा नकाशा

रूपराव साटोणे यांच्या घरी मी चार वर्षं भाड्याने राहिलो. वर्ध्याला आर्वी नाक्याजवळ त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मागच्या बाजूला एक सुटी खोली होती, ती माझी. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये नुकताच शिकवायला लागलो होतो. रूपरावांना मी काकाजी म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला, भागीरथाबाईंना, काकू.

काकाजी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. तेहतीस वर्षं त्यांनी लोकांची वावरं मोजली, धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, भांडणं ऐकली, दगड रोवले. नोकरीत असतानाच त्यांनी स्वतःचं एक काम काढलं होतं. सरकारी नकाशात वावराला फक्त नंबर असतो. अल्लीपूरला, त्यांच्या गावात, नंबर कोणीच बोलत नाही. तिथे मुंजाचं वावर असतं, लांबी पट्टी असते, वाघनाली असते. ही नावं कोणत्याच कागदावर नव्हती. बारा वर्षं सुटीच्या दिवशी एसटीने अल्लीपूरला जाऊन, म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून काकाजींनी तीन वह्या भरल्या. एकूण दोनशे चौदा वावरं. आता नावांसकट नकाशा काढायचा तेवढा राहिला होता.

आणि डोळे जाऊ लागले. साखरेचा आजार जुना होता. डाव्या डोळ्याने आधीच सोडलं होतं. १९९५च्या मे महिन्यात मी त्यांना सेवाग्रामला दवाखान्यात घेऊन गेलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "उजवा डोळा वर्षभर साथ देईल असं वाटतं. पण साखरेच्या डोळ्याचं काही सांगता येत नाही."

मी 'वर्षभर' ऐकलं. पुढचं वाक्यही कानावर पडलं होतं, पण मी ते धरलं नाही.

भिंग लावूनही काकाजींना बारीक रेघ दिसेना. रेघ दोनदा उमटायची, अक्षर धुऱ्याबाहेर जायचं. एक दिवस ते क्लासमध्ये वीजबिल दाखवायला आले. मी पडद्यावर एका घराचं चित्र मोठं करून मुलांना दाखवत होतो. काकाजी बिल हातात धरून तसेच उभे राहिले.

"हे रेघ अजून मोठी होते काय?"

"पाहिजे तेवढी होते, काकाजी."

"अन् काढल्यावर वापस लहान?"

"हो."

ते खुर्चीवर बसले. नाक पडद्याला लागेल इतके जवळ गेले आणि मग हळूहळू मागे सरकले. मला म्हणाले, "बाबू, इतकी मोठी तं मले दिसते."

काकूंनी रिटायरमेंटच्या पैशातले चाळीस हजार काढून दिले, वर एक रुपया नाही म्हणून बजावलं. मशीन निवडायचं काम माझं.

त्या वेळी ४८६ प्रोसेसरचे दोन प्रकार मिळत. एसएक्स आणि डीएक्स. डीएक्समध्ये आकडेमोडीचा एक खास भाग आतच बसवलेला असायचा, एसएक्समध्ये तो नसायचा. चिठ्ठ्या टाइप करायला काही फरक पडत नव्हता, पण नकाशातली प्रत्येक रेघ म्हणजे आकडेमोडच. काकाजींना मी त्यांच्या भाषेत सांगितलं, "डीएक्स म्हणजे साखळी धरायला सोबत माणूस असलेला मोजणीदार. एसएक्सला साखळीचं दुसरं टोकही स्वतःच जाऊन धरावं लागते."

ते खूप हसले. "मी भोगलं आहे ते. रोहण्याले एकट्यानं मोजलं होतं एकदा, चपराशी लग्नाले गेलता."

एसएक्सचं मशीन अडतीस हजारांत बसत होतं. डीएक्सचं सत्तेचाळीसमध्ये. मी क्लासच्या एसएक्सवर घड्याळ लावून पाहिलं. चित्र एकदा मोठं करायला चाळीस सेकंद. डीएक्सला तीन. काकाजी दिवसातून दोनशे वेळा तरी मोठं-लहान करणार, म्हणजे रोजचे दोन तास नुसते पडद्याकडे पाहण्यात जाणार. त्यात पेंटियम बाजारात आलं होतं आणि ४८६चे भाव दर महिन्याला उतरत होते. नागपूरला सीताबर्डीच्या दुकानांतून मागच्या चार महिन्यांचे भाव आणून मी आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले, त्यांतून एक रेघ ओढली. ती रेघ दसऱ्याच्या सुमारास चाळीस हजाराला टेकत होती.

"पाच महिने थांबायचं, काकाजी. पुढचे सात महिने तुमच्याजवळ राहतातच. आणि डीएक्सवर काम दुपटीने होईल."

काकाजींनी तो कागद खिडकीजवळ नेला. कधी भिंगाने, कधी तसाच, बराच वेळ पाहिला.

"रेघ साफ काढली रे तू," ते म्हणाले. "थांबू मंग."

ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी ठरवलं. त्यांना रेघेवर विश्वास ठेवायची सवय होती.

थांबण्याचे दिवस मजेत गेले. मी नागपूरहून नवा भाव आणला की काकाजी आलेखावर ठिपका द्यायला सांगत. काकू कांदे चिरता चिरता टोमणे मारायच्या.

"काहो, मशीन आणून राह्यले का सून? चार महिने झाले, पाहूनच राह्यले. मले तं एका दिवसात पसंत केलं होतं."

"तवा घाई झाली," काकाजी म्हणत. "थांबलो असतो तं अजून चांगली भेटली असती."

"भेटली असती! तुमचे चष्मे शोधून द्याले कोण आली असती?"

एकदा मात्र काकू सरळ बोलल्या. "मशीन आलं का पहिले माह्या बाबाचं वावर काढजा."

काकूही अल्लीपूरच्याच. त्यांच्या वडिलांचं बोरीचं वावर, त्यांच्या लग्नानंतर दोन वर्षांनी विकलेलं. नव्या मालकाने बोरी तोडून कापूस लावला, पण गावात नाव अजून बोरीचं वावरच होतं. सर्व्हे नंबर अठ्ठ्याऐंशी.

"तसं नाई करता येत," काकाजी म्हणाले. "शिवेच्या दगडापासून एक नंबर धरा लागते. मंग दोन. मधातूनच उचललं तं पुढं धुरे जुळत नाई."

"तेहतीस वर्षं सरकारचं केलं, आता तं घरचं आहे नं?"

"मोजणी ते मोजणीच."

काकू चिरलेले कांदे घेऊन आत गेल्या. काकाजींचं म्हणणं मला तेव्हा फार पटलं. मीही तसाच, सगळं क्रमाने करणारा.

ऑगस्टमध्ये भाव अडकला. दोन ठिपके एकाच उंचीवर बसले. त्या संध्याकाळी काकाजी माझ्या खोलीत आले. भिंतीला हात लावून आले, ते मी पाहिलं.

"एसएक्सच घेऊन टाकू काय रे, बाबू?"

"आता काऊन, काकाजी? इतके दिवस थांबलो."

"नाई, असंच. आजकाल कंदिलाची काच काळी पडते नं, तसं दिसून राह्यलं कधी कधी."

मी आलेख काढला. एक-दोन महिने भाव अडतो, मग एकदम खाली येतो, हे त्यांना समजावून सांगितलं. घाई केली तर रोजचे दोन तास जातील, हेही पुन्हा सांगितलं. काच काळी पडण्याबद्दल मी काहीच विचारलं नाही. ते "बरं" म्हणाले आणि भिंतीला हात लावत परत गेले.

सप्टेंबरच्या शेवटी भाव उतरला. दसऱ्याच्या दिवशी डीएक्सचं मशीन घरी आलं, चाळीस हजारांत, रेघेने सांगितलं होतं तसं. काकूंनी झेंडूचा हार घातला. काकाजी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसले. पहिली रेघ काढली ती शिवेच्या दगडापासून. मोठं केलं, तीन सेकंद. लहान केलं, तीन सेकंद.

"वा रे वा," ते म्हणाले. "साखळी धरणारा पळून राह्यला."

अकरा दिवस ते सकाळी सातला बसायचे आणि जेवायला हाक मारली की चिडायचे. वहीतली नावं काकू वाचून दाखवत, चौथीपर्यंत शिकल्या होत्या, अडखळत वाचत. अकरा दिवसांत एकोणीस वावरं झाली. एकोणिसावं वाघनाली. 'ली' टाइप करून त्यांनी धुरा बंद केला आणि म्हणाले, "उद्या वीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मला हाक मारली. काकाजी खाटेवर बसले होते.

"लाल पडदा आला रे समोर," ते शांतपणे म्हणाले. "पुरा."

सेवाग्रामला नेलं, तिथून नागपूरला नेलं. डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला होता. पडदा लालचा काळा झाला आणि तसाच राहिला.

मी माझ्या खोलीत बसून हिशेब केला. एसएक्सवर दिवसाला एक वावर झालं असतं. मेच्या मध्यापासून दिवसाला एक. अठ्ठ्याऐंशी नंबर ऑगस्टमध्येच आला असता. हा हिशेब करायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

पुढचं मी काढतो, असं मी त्यांना म्हटलं. दोन संध्याकाळी आम्ही प्रयत्न केला. विसाव्या वावराचा धुरा कुठे वळतो हे सांगताना ते समोरच्या टेबलावर बोट फिरवायचे. मी पाहायचो आणि पडद्यावर काढायचो.

"झालं?" ते विचारायचे.

"झालं."

"बरोबर झालं?"

मी हो म्हणायचो. तिसऱ्या संध्याकाळी ते म्हणाले, "राहू दे. मले पाहता नाई येत, अन् तू ते वावर पाह्यलं नाई." विसावं मी पुसून टाकलं.

दिवाळी झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. "मशीन विकून टाक. भाव उतरूनच राह्यला असन. आता थांबू नको."

गिऱ्हाईक सापडलं. नेण्याच्या दिवशी मी क्लासचा प्रिंटर आणला आणि एकोणीस वावरांची एक प्रत काढली. प्रिंटर कर्कश आवाज करत ओळ ओळ पुढे सरकत होता. काकाजी तोंड त्या बाजूला करून ऐकत बसले होते.

"आता कितीले भेटते डीएक्स?" त्यांनी विचारलं.

मी आकडा सांगितला.

"तू रेघ काढली होती, त्या रेघेवरच आहे काय?"

"रेघेवरच, काकाजी."

"मंग तू चुकला नाई," ते म्हणाले.

मी तारा काढायला वाकलो. काकू पदराला हात पुसत आल्या आणि कागद घेऊन खाटेवर काकाजींच्या बाजूला बसल्या. एकेका नावावर बोट ठेवत त्यांनी सगळं वाचलं. मुंजाचं वावर. लांबी पट्टी. वाघनाली. मग बोट कोऱ्या जागेवर आलं आणि थांबलं.

"बाबाचं इथं कुठं आलं असतं?"

काकाजींनी वही मागितली नाही, विचारही केला नाही.

"शिवेच्या दगडापासून मावळतीकडं नऊ इंच. बाबू, पट्टी आहे नं तुयाजवळ? दाखव तिले."

मी पट्टी घेतली. शून्य दगडावर ठेवलं, आणि पट्टी मावळतीकडे सरळ केली. कागद आठ इंचांचा होता. नऊचा आकडा कागदाच्या बाहेर, खाटेवरच्या चादरीवर आला.

"भेटलं?" काकाजींनी विचारलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग चादरीवर, नऊच्या आकड्यापाशी, हात ठेवला.

"हो," त्या म्हणाल्या. "भेटलं."