उलटा हात

नालवाडीत घर बांधलं तेव्हा न्हाणीत पांढऱ्या टाइल्स लावल्या आणि पाणी तापवायच्या कांडीसाठी प्लग काढायचा राहूनच गेला. एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. आईला थंड पाणी सोसेना, म्हणून वायरमन बोलावला.

त्यानं छिन्नी लावली आणि माझा जीव वरखाली व्हायला लागला. टाइल फुटली तर तशी दुसरी मिळणार नव्हती. दर ठोक्याला मी म्हणायचो, "हळू!"

त्याला एक खोड होती. नळ असो, पत्र्याचं दार असो, की चहाचा कप. धरण्याआधी तो हाताची उलटी बाजू लावून पाहायचा. शेवटी मी वैतागलो. "हे काय चाललंय?"

"गुरुजी, करंट असला तं उलटा हात झटक्यानं मांगं येते. सरळ हातानं धरलं का मूठ मिटते, मंग सुटत नाई." तो छिन्नीकडे बघत राहिला. "माह्या भावाची मूठ नळावरून आमी दोघांनी सोडवली. तवा तो गेलता."

त्यानंतर मी एकदाही 'हळू' म्हटलं नाही. त्यानं प्लग उंचावर बसवला, बटन न्हाणीबाहेर. "बटन बंद करूनच मायले आत जाऊ देजा," एवढं बजावून गेला. कोपऱ्यातली टाइल तडकलेली मला आईनं दाखवली.

दुसऱ्या सकाळी पाणी तापलं. मी बटन बंद केलं, पुन्हा पाहिलं, कांडीही काढून ठेवली. आईनं आतून कडी लावली. थोड्या वेळानं तांब्याचा आवाज थांबला.

"आई?"

"अरे, आंघोळ करून राह्यली ना मी!"

तरी मी पत्र्याच्या दाराला हात लावून पाहिला. उलटा.