उंबराखालचा जगरा

आग्या मोहोळाच्या बरोब्बर खाली गवऱ्या पेटवणारी बाई कोणी पाहिली नसेल, तर ती मी. वय एकवीस, अंगावर मोरपंखी नायलॉनची साडी, कडेवर सहा महिन्यांचं लेकरू आणि डोक्यात मलकापूर. माहेरच्या गावात रेल्वे थांबते, एवढ्या भांडवलावर मी सासरच्या समस्त माणसांना अडाणी समजत होते.

जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं शेत होतं. दरवर्षी माघात घरची सगळी तिथे रोडगे करायला जायची. कणकेचे जाड गोळे गवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. निखाऱ्यासाठी पेटवलेल्या गवऱ्यांच्या ढिगाला आमच्याकडे जगरा म्हणतात. तो कुठे लावायचा हे माझ्या मोठ्या जाऊबाईंनी सकाळीच ठरवलं होतं. धुऱ्याजवळ, म्हणजे शेताच्या बांधाशी, उघड्यावर. "उंबराखाली नको जाऊ वं लहाने," त्या म्हणाल्या, "वर आग्या बसेल हाय." आणि घागर घेऊन विहिरीवर गेल्या.

मी वर पाहिलं. फांदीला काळं, ओलसर सूप टांगल्यासारखं काहीतरी होतं. अगदी स्वस्थ. मग मी उन्हाकडे पाहिलं, मग स्वतःच्या गोऱ्या हातांकडे. रंग उतरेल म्हणून सगळ्या गवऱ्या सावलीत वाहून आणल्या आणि काडी लावली. आज त्या हातांची सुकलेली कारली झाली आहेत. कारल्यांसाठी केवढा तो जीव!

गवऱ्या दवाने भिजलेल्या. धूर दाट निघाला आणि वारा नव्हता म्हणून सरळ वर चढला. आधी आवाज थांबला. सकाळपासून एक बारीक गुणगुण कानावर होती, हे ती थांबल्यावर मला कळलं. मग वरच्या सुपावरून लाट सरकल्यासारखं झालं, आणि ते सुटलं.

जाऊबाई धावत आल्या. घागर जगऱ्यावर ओतली, त्याने धूर दुप्पट झाला. माझ्याजवळचं लेकरू त्यांनी ओढून घेतलं, भुईवर ठेवलं आणि त्याच्यावर पालथ्या पडल्या. मी पळाले. कुठे, तर विहिरीजवळच्या हौदात, साडीसकट. सासूबाईंना पळता आलं नाही.

सासूबाई आठ दिवस तापाने फणफणल्या आणि एका कानाने कायमच्या बहिऱ्या झाल्या. जाऊबाईंची मान, पाठ, तोंड सगळं सुजलं. डावी पापणी तेव्हापासून अर्धी मिटलेलीच राहिली. लेकराला एक माशी चावली नव्हती.

शुद्धीवर आल्या आल्या सासूबाईंनी विचारलं, "उंबराखाली जगरा कोनं लावला?" घरच्यांनी धुरात पाहिलं होतं ते जाऊबाईंना. त्यांचे ओठ सुजून भाकरीएवढे झालेले, बोलणं बंद. आणि सासूबाईंची एकच धमकी असायची, दूध उतू गेलं तरी तीच : मलकापूरले धाडीन, परत आणनार नाही.

मी म्हणाले, "मी तर लेकराले पाजून राह्यली होती."

माझं खोटं एवढ्या एका वाक्याचं. बाकीचं काम घराने केलं. जाऊबाईंना बोलता येईपर्यंत निकाल लागून गेला होता, आणि बोलता आल्यावर त्याही काही बोलल्या नाहीत. माघातले रोडगे बंद झाले. पुढे सासूबाई गेल्या, दोघींचे नवरे गेले, पण घरातला एक विनोद काही गेला नाही. "काडेपेटी मोठीपासून दूर ठेवा रे." लग्नात, बारशात, दिवाळीत. सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि इतरांपेक्षा जरा मोठ्याने.

हे सगळं वर आलं ते तंबूमुळे.

गेल्या वर्षी माझ्या बारा वर्षांच्या नातीने फोनवर कुठल्याशा कुटुंबाला तंबूत राहताना पाहिलं आणि हट्ट धरला. तिचा बाप म्हणजे जाऊबाईंच्या पोटाखालचं ते लेकरू. आता त्याच्या मिशीत पांढरं आलं आहे, तरी मुलीपुढे त्याचं काही चालत नाही. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी येत होती. त्याच्या एका मित्राचं शेत सातपुड्याच्या पायथ्याशीच होतं. एक मुक्काम, सगळ्यांनी जायचं, दोन्ही म्हाताऱ्यांसकट. मुलगा म्हणाला, "अन् आपन रोडगे करू! मी तर आपल्या घरचे जगऱ्यातले रोडगे कधी खाल्लेच नाही."

जाऊबाई लसूण सोलत होत्या. त्यांचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

रविवारी दुपारी तंबूची गच्चीवर तालीम झाली. खुंट्या सिमेंटमध्ये ठोकता येईनात, म्हणून एक दोरी पाण्याच्या टाकीला, एक डिशच्या छत्रीला आणि दोन जुन्या कूलरच्या पायांना बांधल्या. नातीने आम्हा दोघींना आत बसवलं. निळ्या कापडातून ऊन आलं की माणूस बुडाल्यासारखा दिसतो. जाऊबाईंची अर्धी पापणी त्या उजेडात फार जड वाटली. त्या कापड चाचपत म्हणाल्या, "याले दार एकच हाय का?"

"एकच, मोठी आजी. चेन लावली की पॅक!"

"बाहेर लवकर निघता नाही येत मंग."

"बाहेर काऊन निघायचं? आत झोपायचं असते!"

संध्याकाळी मित्राने जागेचा व्हिडिओ पाठवला. हरभऱ्याचं शेत, मागे डोंगर, आणि मोकळ्या जागेवर एक प्रचंड वड. "सावली पाहा, सावली," मुलगा म्हणाला. "तंबू इथं, जगरा तिकडं बुडाशी." फोन हातोहात फिरत माझ्याकडे आला. मी कानाशी नेला. वाऱ्याच्या खरखरीखाली काहीतरी होतं, बारीक, एकसुरी. मला वाटलं, घरातला पंखा असेल. जानेवारीत आमच्याकडे पंखा लावत नाहीत, हे नंतर लक्षात आलं.

जाऊबाईंनी फोन डोळ्याजवळ धरला. "थांबव रे हे चित्र. हे काय लोंबून राह्यलं फांदीले?"

"सावली हाय, मोठी आई."

"सावली खाली पडते, बापू. हे वर हाय. तिथं धूर करू नका."

सून हसली, नात हसली. मुलगा त्यांचे खांदे दाबत म्हणाला, "मोठी आई, तुले तर उदबत्तीतबी मोहोळ दिसते. जगऱ्याजवळ तुले येऊच देत नाही आम्ही, मंग तं झालं?"

त्यांनी फोन परत दिला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. वाट पाहिल्यासारखं पाहिलं.

धूर आणि मोहोळ यांच्याबद्दल या घरात खरं सांगू शकेल असं एक माणूस होतं, आणि त्या माणसाचा शब्द मी त्रेचाळीस वर्षांपूर्वीच बाद करून ठेवला होता. आता तोंड उघडायचं तर मला. मी उघडलं? छे. वय वाढलं म्हणून अक्कल वाढते असं कोणी सांगितलं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

सोमवारी माझा गुडघा दुखायला लागला. मोठ्याने. "मले काही जमत नाही, राहू द्या यंदा." सुनेने गुडघ्याला मलम लावलं आणि गाडीत पुढची सीट माझ्या नावाने ठेवली. मंगळवारी मी सांगितलं की आकाश आभाळलं आहे. आकाश धुतलेल्या परातीसारखं लख्ख होतं. नात म्हणाली, "आजी, तू चष्मा पूस." बुधवारी दोन पोती गवऱ्या आल्या. ओट्यावर ठेवल्या होत्या, जाता येता वास यायचा. रोज यादीत काही ना काही वाढत होतं. विजेऱ्या, चटया, डासांचं मलम, तूप, वांगी. रोज मी ती यादी ऐकत होते आणि मला यादीत नसलेलं ऐकू येत होतं. स्वयंपाकघरात मिक्सर बंद झाला की मागे उरते तशी ती गुणगुण. दार एकच, चेन लावली की पॅक.

गुरुवारी मी तंबूच्या खुंट्या लपवल्या. बारा खुंट्यांची पिशवी कणकेच्या डब्यात, खोल, वर कणीक सपाट करून. खुंट्या नाहीत तर तंबू नाही, तंबू नाही तर जाणं नाही. चौसष्ट वर्षांच्या बाईने रचलेला हा डाव. हौदात उडी मारणारीच बाई ती, दुसरं काय सुचणार?

निघायचं होतं शुक्रवारी दुपारी. सकाळभर घर पालथं घातलं गेलं. नात रडकुंडीला आली, मुलाने पलंग सरकवले, सून म्हणाली की घरात काही भूतबित आहे. मी देवाजवळ बसून जपमाळ ओढत होते, आणि देव तोंड फिरवून बसला असेल तर त्याचं काही चुकलं नाही.

मुलगा म्हणाला, "जाऊ द्या. दोऱ्या वडाच्या पारंब्यांनाच बांधू. आणखी सोपं. एकदम झाडाच्या बुडाशी लावू तंबू."

माझ्या हातातली माळ थांबली. माझ्या डावाने तंबू आणखी आत, मोहोळाच्या खाली ढकलला होता.

तेवढ्यात जाऊबाई स्वयंपाकघरातून आल्या. रोडग्यांची कणीक घ्यायला त्यांनी डबा उघडला असणार. कोपरापर्यंत हात पांढरा, हातात पिशवी. कोणाला हाक मारली नाही. सरळ माझ्यासमोर आल्या, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि हात झटकून परत निघाल्या. याही वेळी त्या बोलणार नव्हत्या.

"बाई, थांबा," मी म्हणाले.

मग मी सांगितलं. सगळ्यांसमोर, माळ हातात तशीच. खुंट्या मी लपवल्या. त्या वर्षी उंबराखाली जगरा मी लावला, उन्हात काळी पडीन म्हणून. बाईंनी नको म्हटलं होतं. लेकराला मी पाजत नव्हते, लेकराला टाकून मी हौदात होते, आणि लेकरू बाईंच्या पोटाखाली होतं. व्हिडिओत फांदीला आहे ते आग्या मोहोळ आहे.

बाहेर गाडीच्या टपावर बांधलेल्या पोत्याची दोरी वाऱ्याने पत्र्यावर टकटक करत होती. सुनेने शेवटी विचारलं, अगदी हळू, "मग आई, इतकी वर्षं तुम्ही हसत कशा होत्या?"

मुलाने मित्राला फोन लावला, आवाज मोठा ठेवून.

"हाव ना, हाय की आग्या वडावर," मित्र म्हणाला, जसं काही विहीर आहे म्हणून सांगतोय. "दोन पोळे हाये. पन धूर नाही केला तं कायी करत नायी. तुमी गॅस आनून राह्यले ना संगं?"

मुलाने फोन ठेवला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. तो उठला, जाऊबाईंजवळ गेला, त्यांच्या मानेवरचे जुने बारीक वण त्याने बोटाने मोजल्यासारखे केले. आयुष्यभर पाहिलेले वण. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. त्या दिवशी तर नाहीच, पुढचे बरेच दिवस नाही.

जायचं मात्र रद्द झालं नाही. जाऊबाईंनीच रद्द होऊ दिलं नाही. "पोरीनं आठ दिवस तयारी केली, तं जायचं," त्या म्हणाल्या. तंबू वडापासून चांगला लांब, शेताच्या दुसऱ्या टोकाला, उघड्यावर लावायचा ठरला. गवऱ्यांची पोती उतरवून ओट्यावर ठेवली आणि त्या जागी गॅसची शेगडी चढली. नात खुंट्यांवरची कणीक एकेक करून पुसत होती आणि मधूनमधून माझ्याकडे चोरून पाहत होती, एखाद्या नव्या, जरा धोकादायक प्राण्याकडे पाहावं तशी.

मी ओट्यावर जाऊन गवऱ्यांच्या पोत्याशेजारी बसले. पुढची सीट आता कोणी माझ्यासाठी ठेवली असेल असं वाटत नव्हतं. थोड्या वेळाने जाऊबाई आल्या, पायात चपला घातलेल्या, हातात डबा. मी म्हणाले, "बाई, तुमाले ठाऊक होतं. एवढं सगळं माह्यासाठी सोसलं तुमी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एका डोळ्याने पूर्ण आणि एकाने अर्धं.

"तुह्यासाठी कोनं सोसलं वं? मी खरं सांगतलं असतं तं सासूनं तुले मलकापूरले धाडलं असतं, अन् लेकरू तुह्यासंगं गेलं असतं. उठ आता, गाडीत बस."