काकूंची शनिवारची जिन

ओव्याचं पान डाव्या तळहातावर ठेवायचं आणि उजव्या हाताने त्यावर एक चापट मारायची. काकू चापट मारताना पानाकडे बघत नसत, नवऱ्याकडे बघत. “चापट मारल्याशिवाय वास सुटत नाही,” असं म्हणत आणि पान जिनच्या ग्लासात सोडून देत.

कर्जतला त्यांचं घर आमच्या अगदी समोर. पुढे ओटा, ओट्यावर दोन वेताच्या खुर्च्या, ओट्याखाली गवती चहा, पुदिना आणि ओवा. शनिवारी संध्याकाळी आमच्या गल्लीतून कधी गेला असाल तर तुम्हीही पाहिलं असेल. एका खुर्चीत अप्पा, म्हणजे काकूंचे यजमान, हातात कोकम सरबत घेऊन बसलेले. दुसरी खुर्ची रिकामी. आणि सत्तरीच्या काकू उंबऱ्यात, चौकटीला टेकून, उभ्याने जिन पीत. गुडघे दुखायचे, तरी उभ्याने. येणारेजाणारे म्हणायचे, काकू, बसा की. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. “बोलावल्याशिवाय बसायचं नाही. आमच्या घरची शिस्त आहे.” हे त्या अप्पांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणत.

अप्पा भिवपुरीच्या वीजकेंद्रात होते. तिथल्या क्वार्टर्समध्ये दर शनिवारी त्यांच्या व्हरांड्यात मित्रांची प्यायला बैठक बसायची. बायका आत चकणा तळायच्या. बशी घेऊन बाहेर यायचं, ठेवायची आणि परत फिरायचं, अशी तिथली रीत होती. एका शनिवारी काकूंचे पाय भरून आले. व्हरांड्यात एक खुर्ची रिकामी होती. बशी मांडीवर घेऊन त्या जरा टेकल्या. बोलणं चाललं होतं, त्यात त्यांनीही काहीतरी म्हटलं. काय, ते त्यांना पुढे आठवतही नव्हतं. अप्पांनी मान न वळवता सांगितलं, “तू आत जा.” काकू उठल्या. लोधिवलीच्या एका मित्राने त्यांना जायला वाट व्हावी म्हणून पाय तेवढे बाजूला घेतले.

“मारलं असतं तरी चाललं असतं,” काकू मला म्हणाल्या होत्या. “मारलं असतं तर कुणीतरी मधे पडलं असतं.”

त्या नंतरही वर्षानुवर्षं तळत राहिल्या. मग अप्पा निवृत्त झाले, कर्जतला आले, आणि काविळीने त्यांना असं काही धरलं की डॉक्टरांनी दारूचं नावसुद्धा काढायचं नाही म्हणून बजावलं. काकूंनी त्यांची सेवा मनापासून केली. ते हिंडूफिरू लागले त्या आठवड्यात माझ्याकडे येऊन म्हणाल्या, “चल, जिन आणू.”

मी शाळेत शिकवते. बाजारातल्या वाइन शॉपच्या रांगेत माझे दोन माजी विद्यार्थी उभे होते, ते मला बघून पसार झाले. दुकानदाराने बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घातली. काकूंनी ती तिथेच बाहेर काढली, कागद दुकानदाराला परत दिला आणि बाटली छातीशी धरून भर बाजारातून घरापर्यंत चालत आल्या. “लपवायला मी काय चोरलीय?” मी मात्र चार पावलं मागे राहून चालत होते.

पहिली बाटली त्यांनी उकळली. जन्मभर काढे केलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? पातेल्यात जिन, गवती चहा, आलं, वर झाकण. निम्मं आटेपर्यंत मंद आच. सगळ्या गल्लीत वास सुटला. ग्लासभर पिऊन त्या बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “घसा मोकळा झाला. बाकी काही नाही.” अप्पा पोट धरून हसले. ते हसणंही काकूंनी हिशेबात धरलं.

मग त्यांनी मोबाइलवर बघून बघून आपली रीत बसवली. गवती चहाच्या पातीची जुडी करून लोणच्याच्या बरणीत जिनमध्ये बुडवायची आणि बरणी फडताळात ठेवायची. आल्याचा तुकडा खलबत्त्यात जरासा चेचायचा. लिंबू, खडीसाखरेचा पाक, बर्फ, वर सोडा, आणि शेवटी चापट मारलेलं पान. मी एकदा तुळस सुचवली. त्या म्हणाल्या, “तिला नको यात ओढायला. तिने काय केलंय?”

चकणा अप्पांनी करायचा. पहिले काही शनिवार पापड जळले, काकूंनी ते जळकेच खाल्ले आणि प्रत्येक पापड उजेडात धरून बघितला. पुढे अप्पा शेंगदाणे उकडून त्यावर कांदा, मिरची इतकी बारीक चिरू लागले की मीही वाटी घेऊन जाऊ लागले. तोंडाला पाणी सुटलेल्या माणसासमोर सावकाश पिणं ही काकूंची करमणूक होती. बर्फ मुद्दाम खुळखुळवत. मला अप्पांची दया यायला हवी होती, पण खरं सांगते, आली नाही. आमच्या गल्लीत ज्या ज्या बाईला कुणी ना कुणी आत पाठवलं होतं, ती ती शनिवारी काही निमित्त काढून बाहेर रेंगाळायची.

काकूंना काय हवं होतं ते साधं होतं. अप्पांनी त्याच माणसांसमोर त्यांना ‘बस’ म्हणायचं. अप्पांनाही ते ठाऊक होतं. घरात कुणी नसताना ते म्हणून बघत, “बस की गं आता.” काकू विचारत, “इथे ऐकायला कोण आहे?” मित्रांना बोलवा म्हटलं की अप्पा म्हणत, “मी पीत नाही, त्यांना कशाला बोलवू?” असं फार दिवस चाललं. मग काकू एकदा उंबऱ्यातच चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं. त्या घरी आल्यावर पुन्हा चौकटीला टेकून उभ्या राहिल्या, आणि तेव्हा अप्पांनी मुकाट्याने फोन हातात घेतला.

जुन्यांपैकी तिघे आले. काकूंनी घरातल्या सगळ्या खुर्च्या ओट्यावर मांडल्या, आपली रिकामी ठेवली आणि मला मुद्दाम पायरीवर बसवलं. लोधिवलीच्या मित्राने घोट घेतला आणि डोळे मिटले.

“वयनी, काय बनवलंय हो तुमी. आन् उभ्या का? बसा की.”

“तुम्ही नका सांगू,” काकू म्हणाल्या. “सांगणारे सांगतील.”

“सांग की रं,” मित्र अप्पांना म्हणाला.

अप्पा लोकलच्या वेळांवर बोलले, बाजारभावावर बोलले, समोरच्या घराच्या रंगावर बोलले. काकू उभ्याच. शेवटी अप्पांनी कोकम सरबताचा ग्लास खाली ठेवला.

“बस,” ते म्हणाले.

“ऐकू नाही आलं.”

अप्पा उठून उभे राहिले. “इथे बस. तेव्हा मी चुकलो होतो.” आणि त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली.

काकू बसल्या. पदर सारखा केला, एक घोट घेतला, बशीत डोकावल्या. मग मान न वळवता म्हणाल्या, “चकणा संपलाय. तुम्ही आत जा.”

अप्पा आत जायला वळले. लोधिवलीच्या मित्राने पाय बाजूला घेतले.

त्यानंतर अप्पांना वाटलं, आता सुटलो. काकू म्हणाल्या, “तुमचं झालं असेल. माझं आता कुठे सुरू झालंय.” त्यांना जेमतेम एक हिवाळा मिळाला. तेवढे शनिवार त्या खुर्चीत बसून प्यायल्या आणि प्रत्येक शनिवारी त्यांनी अप्पांना एकदा तरी आत पाठवलं. फेब्रुवारीत त्या झोपेतच गेल्या.

परवा शनिवारी मी समोर गेले. अप्पांनी बरणीतली जिन ग्लासात ओतली, लिंबू पिळलं, सोडा घातला. ओव्याचं पान तळहातावर ठेवून हळूच चापट मारली. ग्लास आणि शेंगदाण्यांची बशी काकूंच्या खुर्चीसमोर ठेवली आणि ते मागे सरकून उंबऱ्यात, चौकटीला टेकून उभे राहिले. दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

“अप्पा, बसा ना,” मी म्हटलं.

“बोलावल्याशिवाय कसं बसायचं?” ते म्हणाले.

मीही मग त्यांना पुन्हा बसा म्हटलं नाही. ते सांगणारी मी नव्हते.