गणपतीआधीचं इंजेक्शन

यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची वेळ गेलीय, पण घाबरू नका, दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन घ्यायचं. पुरुषाच्या अंगात जे हार्मोन असतं त्यावर हा आजार पोसतो, ते बंद केलं की तो उपाशी पडतो. मला वाटलं, चला, सुटलो. ते बंद केल्यावर माणसाचं आणखी काय काय बदलतं हे कोणी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर आमच्या डोक्यात शिरलं नाही.

दोन इंजेक्शनं झाली आणि यांना घामाच्या लाटा सुरू झाल्या. मीरा रोडच्या शांती नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत पंखा पाचवर, तरी बनियन पिळून निघायचं. माझी पाळी जाताना मला असंच व्हायचं, तेव्हा हे पेपरामागून म्हणायचे, "नाटकं पुरे." आता मी म्हटलं, "घ्या! कळलं?" दोघंही खूप हसलो.

मग छाती भरायला लागली. बायकांसारखी. जरा धक्का लागला तरी दुखायची. हे दार लावून कपडे बदलायला लागले, माझ्यासमोरसुद्धा नको. चाळीस वर्षांचा संसार आणि माझ्याकडे पाठ! मला संताप यायचा, पण काढायचा कोणावर?

त्यात गणपती आले. आमचा गणपती रत्नागिरीला, गावच्या घरी. पूजेला थोरला बसतो, म्हणजे हे. सोवळं नेसून, वर उघडं अंग, खांद्यावर नुसतं उपरणं, आणि समोर अख्खी भावकी. श्रावण लागल्यापासून यांची झोप उडाली. मी म्हटलं, "बनियन घालून बसा, देव काय हाकलून देणारेय?"

"तुला नाही कळायचं," एवढंच म्हणाले.

बसले पूजेला. एका हाताने उपरणं छातीशी घट्ट धरलेलं, दुसऱ्या हाताने फुलं वाहत होते. आरती झाल्यावर धाकटा दीर म्हणाला, "दादा, मीरा रोडचं पाणी चांगलंच मानवलंय!" सगळे हसले. हेही हसले.

परत आल्यावर मी बीपीच्या गोळ्या आणायला औषधांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "आंटी, अंकल का इंजेक्शन डेढ़ महीने से फ्रिज में पड़ा है. ले जाओ ना." गावी जायच्या आधीच हे मला म्हणाले होते, "टोचून आलो."

घरी येऊन मी तोंडाचा पट्टा सोडला. जीव नकोसा झालाय का, माझा तरी विचार केलात का, काय काय बोलले. हे मान खाली घालून म्हणाले, "मला वाटलं, एक चुकवलं तर गणपतीपर्यंत छाती आटेल."

अहो, आटली तर नाहीच. मला रडूच फुटलं. चार दिवसांनी तपासणी होती, तेव्हा डॉक्टरांना सगळं खरं सांगतो, असं यांनी मला कबूल केलं.

भाईंदरच्या दवाखान्यात डॉक्टर रिपोर्ट बघत राहिले. रक्तातला कॅन्सरचा आकडा वर गेला होता. "इंजेक्शन वेळेवर घेतलंत ना?"

"हो," हे म्हणाले.

"मग ते लागू पडेनासं झालंय. आता जास्त कडक औषधं द्यावी लागतील."

टेबलाखाली यांनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. बोलू नकोस. मी बोलले तर यांची अब्रू जाणार, नाही बोलले तर जीव. माणसाने करायचं तरी काय?

"डॉक्टर, यांनी घेतलंच नाही," मी म्हटलं. का नाही घेतलं, तेही सांगितलं. यांनी माझा हात सोडला.

इंजेक्शन त्याच दिवशी टोचलं. घरात शिरल्या शिरल्या, चपला न काढताच, यांनी धाकट्या भावाला फोन लावला. "पुढच्या वर्षीपासून पूजेला तू बस रे. माझे गुडघे आता साथ देत नाहीत."

यांचे गुडघे ठणठणीत आहेत. लिफ्ट बंद पडली की चार मजले चढून माझ्याआधी वर पोचतात. फोन हिसकावून घ्यावा असं मला वाटलं. पण घेऊन मी सांगणार काय होते?