हनोखमामा आणि सोदोमच्या चढावरची बस

रेडिएटर तपासायला आलेली बस सुरू केली, की हनोखमामा आधी बादलीत हात बुडवत, तो ओला हात उजव्या गालावरून फिरवत आणि गाल रेडिएटरच्या जाळीपासून वीतभर अंतरावर धरून डोळे मिटून उभे राहत. मग डावीकडे सरकत, मग खाली वाकत, मग पंख्याच्या मागच्या बाजूला जात. पाच मिनिटांनी डोळे उघडून म्हणत, "खालच्या कोपऱ्यात श्वास नाही हिला." तो कोपरा उघडून पाहिला, की तिथे वाळू आणि तेल यांचा गोळा बसलेला असायचाच. एकदाही चुकले नाहीत. ते चुकावेत म्हणून मी दीड वर्ष वाट पाहिली, तेव्हा मी हे खात्रीने सांगू शकतो.

वाट पाहायचो, कारण मला त्यांचा राग यायचा. मी ठाण्याचा मराठी ज्यू, मुंबईहून मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन आलेला. एकोणीसशे बासष्टच्या सुरुवातीला मृत समुद्राजवळच्या वाळवंटात, डिमोनातल्या बसच्या मुसाखमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये, ड्राफ्ट्समन म्हणून चिकटलो. खिशात स्लाइड रूल, म्हणजे हिशेबाची सरकपट्टी, शर्टाला इस्त्री. आणि पहिल्याच दिवशी खाकी हाफ पँटमधला हा साठीचा माणूस मला विचारतो, "तू कुणाचा रे? ठाण्याचा? म्हणजे शिकलेला असशील. असू दे, माझी काही हरकत नाही."

मामा अलिबागजवळच्या थळचे. मुंबईत पंचवीस वर्षं त्यांनी बोरघाट चढणाऱ्या लॉऱ्यांचे रेडिएटर उघडले, नळ्या साफ केल्या, डाख दिले. त्यांना हिब्रू बेताचीच यायची. पोरं हिब्रूत बोलली तरी ते मराठीतच उत्तर देत, आणि गंमत म्हणजे मोरोक्कोचा ड्रायव्हर शिमोनसुद्धा ते समजून घेई. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "पाणी बिचारं आग डोक्यावर घेऊन येतं. ती उतरवून घ्यायला वाऱ्याने दारात उभं राहायला पाहिजे. वारा नसेल तर पाण्याने कुणाच्या नावाने बोंब मारायची?" मी मनात म्हणायचो, झालं यांचं कीर्तन सुरू.

त्र्याहत्तर माणसं बसतील-उभी राहतील अशा आमच्या बसगाड्या रोज डिमोनाहून खाली सोदोमला, मृत समुद्राकाठच्या कारखान्यात, कामगार नेत आणि संध्याकाळी वर आणत. खाली जाताना काही नाही. वर येताना मात्र सगळा चढच चढ, आणि उन्हाळ्यात त्या चढावर बसचं पाणी उकळायचं. पाचला घरी पोचणारी माणसं आठला पोचायची, कधी नऊला. त्रेसष्टच्या वसंतात एका ड्रायव्हरने घाईने रेडिएटरचं झाकण उघडलं आणि त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. मग वरून निरोप आला, की सप्टेंबरातल्या नव्या वर्षाच्या सणांच्या आत हे थांबलं नाही तर रोजची बस बंद. कामगारांनी आठवडाभर खाली बराकीत राहायचं आणि शुक्रवारी घरी यायचं.

माझा थोरला भाऊ दानी खालीच कामाला होता. त्याची धाकटी मुलगी नुकती कुठे बसायला लागली होती. तो निरोप ऐकून त्याने ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "आठवड्यातून एकदा पोरांची तोंडं बघायची? मग ठाणं काय वाईट होतं? मी बायकोमुलांना घेऊन परत जातो बघ, एझ्रा." त्याच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांत त्या आठवड्यात हेच बोलणं चाललं होतं.

मी पेटून उठलो. हिशेब केले, ड्रॉइंग काढलं. रेडिएटरमध्ये नळ्यांच्या तीन ओळी होत्या, मी चार केल्या. मधली पत्र्याची झालर आणखी दाट केली. तांबं जास्त, म्हणजे गारवा जास्त. कुणीही हेच म्हणेल. आमचे मुख्य इंजिनिअर जर्मनीहून आलेले, त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं; त्यांनीही मान डोलावली. मामांनी ड्रॉइंग पाहिलं आणि म्हणाले, "पट्टीने उत्तर बरोबर दिलंय रे. तू तिला प्रश्न कोणता विचारलास?" मला इतका संताप आला, की मी कागद गुंडाळून निघूनच गेलो.

नवा रेडिएटर बसला आणि बस पहिल्यापेक्षा जास्त उकळायला लागली. तोंड दाखवायला जागा उरली नाही. वहीत मी रोजचं तापमान लिहीत होतो, त्याचाही मेळ बसेना. सगळ्यात कडक उन्हाच्या दिवशी बस सरळ चढून आली होती आणि त्यामानाने बऱ्या दिवशी दोनदा थांबली होती. शेवटी मीच मामांकडे गेलो. म्हटलं, "मामा, उद्या माझ्याबरोबर बसने येता का?" त्यांनी टोमणा मारला नाही. "डबा घेऊन येतो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शारव होता. वाळवंटाकडून पूर्वेचा तापलेला वारा सुटतो, आभाळ पिवळं पडतं, त्याला तिथे शारव म्हणतात. संध्याकाळी भरलेली बस निम्मा चढ चढली आणि तापमानाचा काटा लाल रेघेपलीकडे गेला. शिमोनने बस थांबवली. माणसं शिव्या देत उतरली. कुणी अरबीत, कुणी रुमानियनमध्ये, आमची मराठीत. मामांनी पाण्याच्या कॅनमधून हात ओला केला, गालाला लावला आणि बसभोवती एक फेरी मारली. पुन्हा एक मारली. पुढे चार पावलं जाऊन उभे राहिले. मी पाहिलं, तर बसच्या चाकांनी उडवलेली धूळ आमच्या मागे राहिली नव्हती. ती आम्हाला ओलांडून पुढे चालली होती.

मामा वळून शिमोनला म्हणाले, "हिला फिरव."

शिमोनला वाटलं, आपल्याला कळलं नाही. मामांनी हाताने गोल करून दाखवलं, की तोंड खाली, सोदोमकडे. माणसं खवळली. दानी ओरडला, "मामा, डोकं फिरलंय का? घर वर आहे!"

"घर कुठे आहे ते ठाऊक आहे मला," मामा म्हणाले. "वारा खाली आहे. आधी त्याला तोंड दाखवू दे हिला. इंजिन बंद करू नकोस रे शिमोन, नुसतं चालू ठेव."

रस्ता जिथे रुंद होता तिथे शिमोनने बस फिरवली. साठ-सत्तर माणसं, एक बस, आणि बसची पाठ घराकडे. मी काट्याकडे पाहत होतो. तो काटा हलला. मग उतरू लागला. उकळणारं इंजिन चालू ठेवून, पाण्याचा एक थेंब न ओतता, झाकणाला हात न लावता, सात-आठ मिनिटांत काटा खाली आला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला, हे मी आजही लपवत नाही. वारा गरम होता हो, भट्टीसारखा! पण पाण्याहून तो थंडच होता, आणि आता तो दारात उभा होता.

"लहानपणी मी थळहून मुंबईला गलबतावरून जायचो," मामा रस्त्याकडेला बसून डबा उघडत म्हणाले. "वारा मागून असला की शीड फुगायचं, गलबत पळायचं, आणि आम्ही वर घामाने निथळत असायचो. पानसुद्धा हलत नाही असं वाटायचं. का? तर वारा आणि आपण एकाच चालीने निघालेले. मग तो अंगाला लागणार कसा? तुझी बस चढावर माणसाच्या धावण्याइतकी चालते. शारवही तेवढाच चालतो. वर पंख्याने बाहेर टाकलेली आग तो वारा ढकलून पुन्हा तिच्याच तोंडात घालतो. ऊन काय करतंय रे त्यात? घे, पोळी घे."

माझ्या वहीत तापमान होतं, वाऱ्याची दिशा नव्हती. मी वेधशाळेतून दिशा मागवली. ज्या दिवशी बस उकळली, त्या प्रत्येक दिवशी वारा पूर्वेचा. माझा जाड रेडिएटर तर आगीत तेल होता. पंख्याला आधीच वारा ओढवत नव्हता, मी त्याच्यापुढे आणखी भिंत बांधली होती.

मग आम्ही दोघांनी मिळून रचना केली. माझं ड्रॉइंग मी माझ्या हाताने फाडलं. नळ्या पुन्हा तीन ओळींत, पण झालर विरळ आणि रेडिएटर रुंद. पंख्याभोवती पत्र्याचं गोल कडं, पात्यात आणि कड्यात बोटभर फट, म्हणजे पंखा जे ओढेल ते जाळीतूनच ओढेल. दोन्ही बाजूंच्या फटी पत्र्याने आणि जुन्या ट्यूबच्या रबराने बंद, म्हणजे बाहेर पडलेली आग पुढे येणार नाही. मामा पत्रा कापायचे, मी आकडे मांडायचो. मामा गाल लावून म्हणायचे, "अजून दोन बोटं," आणि माझी पट्टीही तेच म्हणायची. मी थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहायचो. मुख्य इंजिनिअरांनी पुरावा मागितला तेव्हा मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "पुरावा ह्याच्याकडे. मी फक्त तोंड धुवून उभा राहतो."

साहेब म्हणाले, एका शारवच्या दिवशी भरलेली बस न थांबता वर आली पाहिजे. एकच दिवस.

मामींनी एलियाहू हन्नबींना, आमच्या ज्यूंच्या त्या संदेष्ट्यांना, मलिद्याचा नवस बोलला. मामा चिडले. "पत्र्याच्या कामात त्यांना कशाला घालतेस? आपली माणसं सांगतात, अलिबागच्या खंडाळ्याहून त्यांचा रथ सरळ आभाळात चढला. तोही आगीचा! त्यांना आपली अडचण काय कळणार?" पण मलिद्याचे पोहे आणि नारळ त्यांनीच आणून दिले.

सणांच्या आठ दिवस आधी शारव आला. मामा बसमध्ये बसले नाहीत. "मी असलो तर सगळे माझंच तोंड बघतील," म्हणाले. मी शिमोनच्या शेजारी उभा. धूळ मागून येऊन पुढे पळत होती. दानी मागच्या बाकावर डोळे घट्ट मिटून बसला होता. काटा लाल रेघेजवळ आला, आणि तिथे तो थांबला. चढ संपेपर्यंत तिथेच थरथरत राहिला. शिमोनने एकदाही ब्रेकला पाय लावला नाही. डिमोनाच्या थांब्यावर माणसं उतरली आणि एकानेही वळून बसकडे पाहिलं नाही. कुणी भाजी घ्यायला गेला, कुणी पोराला कडेवर घेतलं. दानी तर "आज पुन्हा मासळी मिळाली नाही वाटतं" म्हणून थांब्यावर आलेल्या बायकोवर कुरकुरत घरी गेला. मामा थांब्याच्या भिंतीला टेकून हे सगळं पाहत होते. मला म्हणाले, "चल, मलिदा खायला." मी त्यांच्या पाया पडलो. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या पडलो असेन.

बराकीचा विषय बंद झाला. दानी ठाण्याला परत गेला नाही.

चौसष्टच्या मे महिन्यात एका सकाळी मामा झोपेतच गेले. आमच्यात दफन त्याच दिवशी, सूर्य बुडायच्या आत. पण त्यांना खांदा देणारी सगळी माणसं खाली सोदोमला कामावर होती, त्यांना कारखान्यात फोनवर कळवलं होतं, आणि बाहेर आभाळ पिवळं झालेलं. मामी दारात बसल्या होत्या. शेजारणीने विचारलं, "किती वाजता न्यायचं?" मामी म्हणाल्या, "पाचला बस येते." तेवढंच. शारवात बस अडकेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही. मी एकटाच थांब्यावर जाऊन उभा राहिलो. पूर्वेचा वारा तोंडावर घेत रस्त्याकडे पाहत राहिलो, आणि पाचला पाच मिनिटं कमी असताना बस आली. माणसं उतरली आणि टोप्या सारख्या करत सरळ मामांच्या घराकडे चालू लागली. तेव्हा मला रडू आवरलं नाही.